हँडलवरचे दोन वाटाडे

जळगावजवळच्या पिंप्राळ्याचा हितेंद्र नशिराबादला विहिरींच्या जळालेल्या मोटारी दुरुस्त करतो. मोटारसायकलवर लडाखला जायचं त्याच्या मनात कधीपासून आहे. निघणं होत नाही, कारण रस्ता फोनवर बघायचा की जीपीएसचं वेगळं यंत्र घ्यायचं, हेच त्याचं ठरत नाही. आमच्या रविवारच्या मोटारसायकलवाल्या टोळीत यावरून भांडणं होतात. मी यंत्रवाला. शेवटी वैतागून मी माझंच यंत्र त्याच्या हँडलवर बसवलं आणि म्हटलं, आखाजीला बहिणीला आणायला चाललाच आहेस, दोन्ही लावून बघ आणि एकदाचा मोकळा हो.

बहीण म्हणजे दिपमाला. तिचं सासर पारोळ्याच्या पुढे, हायवेपासून आत. आमच्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरचा माणूस मुराळी होऊन दारात येतो आणि लेकीला घेऊन जातो. आजवर त्यांचे वडील, आबा जायचे. हिवाळ्यात आबा वारले. यंदा हितेंद्र पोचला नाही, तर दिपमालाचं माहेर संपलं असंच गाव म्हणणार होतं. आणि या गड्याने ते गाव साखरपुड्याला एकदाच पाहिलेलं, तेही गाडीत झोपून.

एरंडोल येईपर्यंत दोन्ही वाटाडे एकमताने बोलत होते. मग वैशाखाच्या उन्हात फोन तापला आणि बंद पडला. दुसरा कुणी सावलीत थांबला असता. हितेंद्रने फोनला ऊन लागलं असं ठरवून माणसाचे उपचार केले. ओल्या रुमालात गुंडाळला, खिशातला कांदा सोबत ठेवला आणि बॅगेत निजवला.

आता भिस्त माझ्या यंत्रावर. ते उन्हाला भीत नाही, हे मी आजही छातीठोकपणे सांगतो. पण या शहाण्याने त्यात सर्वांत जवळचा रस्ता मागितला होता. यंत्राने तो दिला, कोरड्या नदीच्या पात्रातून. मागचं चाक वाळूत रुतलं. रस्ता विचारायला धनगराचा एक वाडा जवळच होता, पण हँडलवर यंत्र असताना विचारायचं कसं, म्हणून साहेब एकटेच गाडी ढकलत राहिले.

गावाच्या फाट्यावर पोचला तेव्हा ऊन कललं होतं. लिंबाखाली दिपमाला मांडीवर पिशवी घेऊन बसली होती.

"बठ्ठास्ना भाऊ सकायलेच उनात," ती म्हणाली. "तुना फोन बंद. सासूले सांगं, भाऊ फाटावर उभा शे, आनि निंघनू."

बाकीच्या लेकींचे भाऊ सकाळीच येऊन गेलेले, म्हणून सासूला खोटं सांगून ती एकटीच इथवर आली होती. हितेंद्रने नदीची, वाळूची, यंत्राची सगळी कथा सांगितली. तिने यंत्राकडे बघितलं.

"ह्या डब्बामा माना फोन येस का?"

"नही."

"मंग काय कामना?"

त्याने यंत्र काढून बॅगेत टाकलं. माझं चांगलं महागाचं यंत्र कांद्याशेजारी गेलं. मग गाडी जळगावकडे वळवून तो म्हणाला, बस.

दिपमाला जागची हलली नाही. "फाटावरथून नही. दारमा चाल. दारमाथून ली जाय."

म्हणून तिला घ्यायला आलेला भाऊ तिलाच मागे बसवून तिच्या सासरी गेला. गल्ली ओट्यांवर बसून बघत होती. सासू ताईबाईंनी पन्हं दिलं, उशिराबद्दल दोन टोमणे दिले आणि जेवल्याशिवाय सोडलं नाही. दिपमाला पिशवी घेऊन पुन्हा उंबऱ्यात आली आणि तिथेच रडायला लागली.

"आते काय झायं?" हितेंद्र घाबरला.

"आबा गयात तवपासून वाटे," ती म्हणाली, "आते माले लेवाले कोन येई?"

हितेंद्रने तिच्या हातातली पिशवी घेतली, टाकीवर ठेवली आणि गल्लीच्या शेवटच्या घरापर्यंत हॉर्न वाजवत तिला घेऊन निघाला.