कडेची नजर

माझ्या थोरल्या बहिणीची, अक्काची, नजर दोन वर्षांपूर्वी मधोमध गेली. समोरच्याचा चेहरा तिला दिसत नाही, कडेचं तेवढं दिसतं. म्हणून परवा मी दुर्बीण घेऊन माळावर निघालो आणि ती "मीही येते" म्हणाली, तेव्हा तिला तिथे काय दिसणार, असं मला वाटलं.

दुर्बीण मी देवयानी दीर्घिकेवर लावली. माझ्या फोटोंत ही दीर्घिका झगमगते, पण दुर्बिणीतून डोळ्याला एक धुरकट डाग दिसतो आणि टक लावली की तोही विरतो. आमच्याबरोबर आलेले शेजारचे काका बराच वेळ डोळा लावून बसले. "काही नाही हो इथे," म्हणत उठले.

मग अक्का बसली. सवयीप्रमाणे तिने नजर जराशी बाजूला वळवली.

"आहे की! दुधाचं बोट काचेवर पुसावं, तसं. मध्ये दाट, कडेला पातळ."

अंधूक गोष्ट थेट पाहायची नसते, किंचित बाजूला पाहिलं की ती आपण होऊन दिसते, हे शिकायला मला कितीतरी रात्री लागल्या होत्या. अक्का ते भाजी निवडताना, दारात आलेलं माणूस ओळखताना रोज शिकत होती. पंचवीस लाख वर्षं चालत आलेला उजेड तिच्या अधू डोळ्याने पहिल्याच फटक्यात पकडला.

निरीक्षणाच्या वहीत मी तिचं वाक्य जसंच्या तसं उतरवलं. माझ्याकडे त्याहून चांगलं वर्णन नव्हतं.

तोवर अक्काने काकांना हाक मारली होती. "या, बसा परत. कसं बघायचं ते मी सांगते."