तीन नंबरचं बटण

नात रडत होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी येत नव्हतं. सकाळपासून जुलाब चालू होते. दुपारी मी तिच्या पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली, तर ती खाली बसेना, उभीच राहिली. टाळू खोल गेली होती. दहा महिन्यांची पोर. तिची आई, म्हणजे माझी सून, पाण्याचा तांब्या हातात घेऊन नुसती उभी होती, कारण माझ्या सासूने तिला उंबऱ्यातून दम दिला होता.

"पानी नको पाजू गो पोरीला. जितकं प्येल तितकं भायेर जाल. ठेव तो तांब्या."

सुनेने तांब्या ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. मुलगा वागळे इस्टेटला कामावर गेलेला. आमचं गाव दिव्यापासून आत, खाडीकाठी. तिथे डॉक्टर नव्हता. शेजारीण रिक्षा आणायला स्टेशनपर्यंत चालत गेली होती. तिला जाऊन यायला तास तरी लागणार होता. तो तास आम्ही काय करायचं, एवढाच प्रश्न होता.

मी मिठाच्या बरणीत हात घातला.

हे मला कोणी शिकवलं, तर कंप्युटरच्या एका खेळाने. लोकांना ते खरं वाटत नाही, म्हणून सांगते.

मी खाडीची मासळी डोंबिवलीत दारोदार विकत असे. बुधवार, शुक्रवार, रविवार. एक घर ठरलेलं होतं. जिताडा मिळाला की तो आधी त्यांच्याकडे न्यायचा. त्या घरातल्या काकी माशाचा कल्ला उचलून बघितल्याशिवाय भाव विचारत नसत. त्यांची सून शाळेत कंप्युटर शिकवायची. शाळेने एक जुना कंप्युटर तिला घरी आणू दिला होता. काळी काच आणि तिच्यावर हिरवी अक्षरं. मी मासा साफ करताना दारातून त्याच्याकडे बघत असे. आत काय आहे, कोण लिहितं, हे मला कळत नव्हतं, आणि न कळलेली गोष्ट मला सोडवत नाही.

एका बुधवारी ती म्हणाली, "मावशी, हात धुवा आणि इथे बसा. मी एक खेळ केलाय, खेळून बघा."

"माझं काय वय आहे खेळायचं?"

"तुमच्यासारख्या बायकांसाठीच केलाय. दिव्याच्या चाळींत पाण्याचे हाल आहेत, पोरांना सारखे जुलाब होतात. आधी शाळेतल्या मुली खेळतील, मग त्यांच्या आयांना बोलावणार."

काकी आतून ओरडल्या, "मावशी, साबणाने धुवा हो हात. नाहीतर त्या बटणांवर मांजर येऊन बसेल."

काचेवर एक मूल होतं. गोल डोकं, काडीसारखे हातपाय आणि पोटाच्या जागी माठ. माठातलं पाणी हळूहळू खाली चाललेलं. अक्षरं तिने ठिपका ठिपका जोडून काढली होती, पण मी चौथी शिकलेली, मला वाचता आली. मुलाला जुलाब होत आहेत, तुम्ही काय कराल? एक नंबर, मीठ-साखरेचं पाणी द्या. दोन नंबर, अंगावरचं दूध चालू ठेवा. तीन नंबर, पाणी बंद करा.

मी तीन दाबलं. माठ रिकामा झाला, मुलाच्या डोळ्यांच्या जागी फुल्या आल्या आणि यंत्र पीं करून वाजलं.

"मेलं," ती म्हणाली.

मी पुन्हा तीन दाबलं. पुन्हा मेलं. मग तिसऱ्यांदा.

"तुझा डबा खोटं बोलतो," मी म्हटलं. "ह्याला पोर झालंय का कधी?"

"त्याला नाही आणि मलाही नाही," ती हसून म्हणाली. "एक दाबून बघा ना."

मी नाही दाबलं. टोपली उचलली आणि निघाले. माझा पहिला मुलगा अकरा महिन्यांचा असताना जुलाबाने गेला होता. सासूने सांगितलं पाणी बंद, मी बंद केलं. तो तांब्याकडे हात करायचा आणि मी तांब्या लपवला. आमच्यात सगळे तसंच करत. फुटक्या होडीतलं पाणी आधी उपसायचं, वर ओतायचं नाही, असाच तो हिशेब होता. एक दाबायचं म्हणजे मी तेव्हा चुकले असं म्हणायचं. ते एका हिरव्या काचेसमोर कशाला म्हणू?

पण दोन दिवस डोक्यातून जाईना. शुक्रवारी कोळंबी घेऊन गेले आणि चहाच्या आधी विचारलं, "तो डबा चालू आहे का?"

त्या दिवशी मी एक दाबलं. माठ भरला आणि मूल उभं राहिलं. मी खूश झाले नाही, मला संशय आला. मग अर्ध्यावर पाणी तोडलं, तर मेलं. नुसतं दूध दिलं, तर उशिरा मेलं. पाणी पाजल्यावर त्याच्या तोंडातून ठिपके पडले.

"हे काय?"

"उलटी. दहा मिनिटं थांबायचं आणि पुन्हा चमच्याने द्यायचं."

"उलटी झाली तरी द्यायचं?"

"तरीही. सावकाश."

मी थांबले, पुन्हा दिलं. जगलं. काकी दारात येऊन म्हणाल्या, "अहो मावशी, कोळंबी सोलायची राहिली. ह्या पोराला किती वेळा माराल?"

"अजून दोनदा," मी म्हटलं. मला त्याची प्रत्येक वाट बघायची होती. शाळेत कोणी मला चुकून बघू दिलं नव्हतं. तिथे चुकलं की छडी. इथे चुकलं की मूल मरायचं आणि परत उठून बसायचं, आणि काय चुकलं ते खाली लिहून यायचं.

मग मी एक गोष्ट विचारली, जी तिने धरली नव्हती. "मीठ किती?"

"लिहिलंय ना. पेलाभर पाण्यात चिमूटभर मीठ, चमचाभर साखर."

"कोणाची चिमूट?"

तिला कळेना. मी ओट्यावर गेले, पेल्यात साखर घातली, माझी चिमूट टाकली, ढवळलं आणि तिला दिलं. तिने घोट घेतला आणि मोरीत थुंकला.

"मावशी, हा तर समुद्र आहे!"

"खाडी म्हण."

आमचे हात बोंबील, जवळा खारवणारे. आम्ही मीठ मुठीने टाकतो. माझी बोटं जाड, आणि माझी चिमूट म्हणजे तिच्या तीन चिमट्या. आमच्या गावातल्या कुठल्याही बाईने तो खेळ जिंकून घरी जाऊन पाणी केलं असतं, तर पोराला खाडीच पाजली असती. मी तिला तसं सांगितलं.  मग ती एक पुस्तक काढून शोधत बसली.

"इथे दिलंय. चाखून बघायचं. डोळ्यांतल्या पाण्यापेक्षा खारट लागता कामा नये."

"ज्यांना रडायला वेळ नसतो त्यांनी कशाशी ताडून बघायचं?"

"कांदा चिरा," काकी म्हणाल्या.

पुढच्या बुधवारी खेळात चौथं बटण आलं होतं. चाखा. न चाखता पाणी दिलं की मूल आणखी सुकायचं. मी ते दोनदा खेळले आणि म्हटलं, आता बरोबर आहे. त्या पावसाळ्यात तिने शाळेत बायका बोलावल्या. किती आल्या, काय झालं, मला माहीत नाही. माझ्या नातीला जुलाब झाले ते त्यानंतर चार-पाच महिन्यांनी.

तर मी बरणीत हात घातला. साखर घातली, मीठ टाकलं, ढवळलं आणि चाखलं. खाडी. घाबरल्यावर हात जुन्या सवयीने चालतो. पेला अंगणात ओतला. सुनेला म्हटलं, "तू टाक मीठ. तुझी बोटं बारीक आहेत." तिने टाकलं. मी चाखलं. जेमतेम खारट होतं.

त्या खेळाचं मी घरी सांगितलं होतं. सासू म्हणाली, "डब्यातला पोर नाय ही. मेली त परत उठंल काय?"

"नाही उठणार," मी म्हटलं. "माझा कुठे उठला?"

 ती तोंड फिरवून बसली.

पहिले पाच-सहा चमचे गेले आणि नातीने सगळं ओकलं. सून रडायला लागली. मी तिला सांगितलं, नंतर रड, आता घड्याळ बघ. दहा मिनिटं थांबलो. ती दहा मिनिटं मला त्या खेळात कधी एवढी लांब वाटली नव्हती. पुन्हा चमचा धरला. यावेळी पाणी राहिलं. मध्ये मध्ये सुनेने छातीला लावलं. रिक्षा आली तेव्हा अर्ध्यापेक्षा जास्त पेला पोटात होता. ठाण्याला पोचेपर्यंत सुनेच्या मांडीवर पोर आणि माझ्या हातात पेला. खड्ड्यांनी माझ्या लुगड्यावर बरंच सांडलं.

डॉक्टर आधी ओरडला, इतका उशीर का केला म्हणून. मग त्याने विचारलं, काय पाजलंत? सुनेने सांगितलं. तो म्हणाला, "रस्त्यात बंद केलं नाहीत ना? बरं केलंत." बाटली लावायला त्याने हातात सुई खुपसली तेव्हा नात कळवळून रडली आणि डोळ्यांतून पाणी आलं.

मी तिच्या गालावर बोट फिरवलं आणि चाखलं. सुनेने केलेल्या पाण्यापेक्षा ते जास्त खारट होतं. पुस्तकातलं बरोबर होतं.

सासूने कधी काही कबूल केलं नाही, पण पुढे घरात कोणाला जुलाब झाले की साखरेचा डबा तीच काढून ठेवायची.

माझा पहिला मुलगा गेला. नात जगली.