आर्नेची चौदा ठोक्यांनी वाढलेली नाडी

क्लिनिकमधल्या व्यायामाच्या सायकलवर पायडल मारायचं थांबवून चार मिनिटं झाली तरी आर्नेची नाडी शंभराच्या खाली येईना. एरवी दोन मिनिटं पुरायची. मी स्टॉपवॉच बघत होतो आणि तो माझ्या तोंडाकडे.

“मशीन जुनं झालंय,” तो हसून म्हणाला.

“मशीन ठीक आहे. झोप लागते का?”

“लागते. पेंढारकर, ताप जाऊन आठ दिवस झाले. मी बरा आहे.”

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. बहारीनमधल्या एका खासगी क्लिनिकमध्ये मी फिजिओथेरपिस्ट होतो. जहाज दुरुस्तीच्या यार्डातले कामगार आमच्याकडे यायचे. बहुतेकांची कंबर धरलेली, नाहीतर खांदा. आर्ने हा त्याच यार्डातला नॉर्वेचा इंजिनीअर. दोन वर्षांपूर्वी गुडघा दुखतो म्हणून आला. सायकलची सीट दोन बोटं वर घ्यायला सांगितली, गुडघा थांबला, आणि आमची दोस्ती झाली.

तो स्कीइंगच्या शर्यतीसाठी सायकल चालवायचा, हे ऐकून मी आधी हसलोच होतो. स्कीइंग म्हणजे डोंगरावरून घसरत येणं, एवढंच मला माहीत. त्याने समजावलं. त्याची शर्यत लांब पल्ल्याची. पायाला लांब फळ्या, हातात दोन काठ्या, आणि चढउताराच्या बर्फातून तासन् तास स्वतःला ढकलत न्यायचं. त्याला लागतो दम. हृदय दर ठोक्याला जास्त रक्त ढकलायला शिकलं की दम वाढतो, आणि ते सायकलवरही शिकतं. म्हणून हा माणूस पहाटे सखीरच्या रस्त्यावर, दोन्ही बाजूंना वाळू असताना, बर्फाची तयारी करायचा. सायकलने हात तयार होत नाहीत, म्हणून मी त्याला भिंतीवर पुली लावून दिली होती.

अशा माणसाची नाडी संथ असते. तुमची-आमची सत्तर-बहात्तर, त्याची सकाळी उठल्या उठल्या चव्वेचाळीस. रोज मोजून लिहायची सवय मीच लावली होती. तापानंतर ती अठ्ठावन्न झाली होती. आपल्या दृष्टीने अठ्ठावन्न उत्तम. त्याच्या दृष्टीने चौदा ठोके जास्त. शरीर अजून आत कशाशी तरी झुंजतंय, असा त्याचा अर्थ.

नॉर्वेतली शर्यत बारा दिवसांवर होती आणि आयोजकांना डॉक्टरचं फिटनेस सर्टिफिकेट हवं होतं.

“या वर्षी नको जाऊस,” मी म्हणालो.

तो टॉवेलने मान पुसत बसला. मग म्हणाला, “वडील सत्तरचे झाले. ही त्यांची शेवटची शर्यत. लहानपणी त्यांनी मला फळ्यांवर उभं केलं. मी शेजारी असेन, असा शब्द दिलाय.”

इथे माझं एक सांगायला हवं. त्याच्या आदल्या वर्षी साताऱ्याला माझे वडील गेले. मी लीव्ह मागितली होती, ती मिळाली तेव्हा तेरावंही उरकलं होतं. उम्म अल हस्समच्या फ्लॅटमध्ये बसून मी एकट्याने दाढी-मिशा उतरवल्या होत्या. आर्ने वडिलांबद्दल बोलायला लागला आणि मी त्याची नाडी विसरलो. विसरलो म्हणणंही खोटं. बाजूला ठेवली.

डॉ. कुरियन आमचे बॉस. त्यांनी ईसीजी पाहिला. त्यात ठळक काही नव्हतं.

“पेंढारकर, तुम्ही याला दोन वर्षं ओळखता. यू टेल मी. थांबवू का?”

“थोडा थकलाय, सर. रिकव्हरी स्लो आहे.”

“म्हणजे नो?”

मी म्हणालो, “हळू गेला तर हरकत नाही.”

त्यांनी सही केली.

आर्नेला मी बजावलं, “जिंकायचं नाही. वडिलांच्या वेगाने जायचं.”

“त्यांचा वेग तू पाहिला नाहीस,” तो म्हणाला, आणि माझा हात दोन्ही हातांत धरून गेला.

शर्यतीनंतर तीन दिवसांनी यार्डाच्या ऑफिसमधून फोन आला. शेवटच्या मोठ्या चढावर आर्ने कोसळला होता. वडील थोडे मागे होते. वळण घेऊन ते वर आले तेव्हा तो बर्फात आडवा होता. म्हाताऱ्याने त्याचं डोकं मांडीवर घेतलं. मदत येईपर्यंत सगळं संपलं होतं. पोस्टमॉर्टेममध्ये हृदयाच्या स्नायूला सूज निघाली. तापाचा विषाणू तिथे जाऊन बसला होता. काही महिने विश्रांती घेतली असती, तर बहुधा सूज उतरली असती.

महिन्याभराने त्याची बायको इंगा त्यांचं जुफैर भागातलं घर आवरायला आली आणि मला भेटायला क्लिनिकमध्ये आली. चहा सांगितला, तो तिने घेतला नाही.

“तुम्हाला माहीत होतं?” तिने विचारलं.

डॉ. कुरियननी मला फार न बोलण्याचा सल्ला दिला होता. पण खोटं बोलवेना.

“खात्री नव्हती. शंका होती. ती मी नीट सांगितली नाही.”

ती म्हणाली, “तुम्ही नाही म्हटलं असतं, तरी तो गेला असता.”

“कदाचित. पण मी नाही म्हटलं नाही.”

तिने मान हलवली. क्षमा केली का, ते तिने सांगितलं नाही, आणि मी विचारलं नाही. दारात थांबून एवढंच म्हणाली, “त्याचे वडील आता घराबाहेर पडत नाहीत.”

त्यानंतर मी बहारीनमध्ये आणखी सात वर्षं काम केलं, मग पुण्यात वीस. एक सवय तेव्हापासून लागली. तपासणी झाली की आधी रिपोर्ट लिहायचा, खाली सही करायची. कुठे जायचंय आणि कोण वाट बघतंय, हे पेशंटला त्यानंतर विचारायचं.