दोराची शिडी

आमच्या बंदराबाहेर गॅसचं जहाज आलं, की शेजारचे सुर्वेकाका छोट्या बोटीतून तिकडे निघतात. परक्या जहाजाला खडक चुकवत आत आणणं हे त्यांचं काम. काल त्यांच्याबरोबर मीही होतो. समोर चार मजले उंच लोखंडी भिंत, तिच्यावरून लोंबणारी दोराची शिडी, आणि पन्नाशी उलटलेले काका लाटेने बोट उचलण्याची वाट बघत उभे.

या जहाजाच्या देशाने आपल्याकडे येणारा गॅस रोखण्याची धमकी दिल्याचं मी सकाळीच वाचलं होतं.

"काका, या लोकांचा भरवसा वाटतो तुम्हाला?"

"शिडी त्यांनीच बांधलीय," ते म्हणाले. "मी पडलो, तर त्यांचं जहाज आत कोण नेणार?"

इंधन कुणी विकायचं, धूर कुणी कमी करायचा, यावर मोठे देश वर्षानुवर्षं बोलत बसतात. आधी पाऊल कुणी टाकायचं, तिथेच सगळं अडतं.

लाट आली. काकांनी पाऊल टाकलं.

वर दोन खलाशी गुडघ्यांवर बसून शिडीचे दोर धरून होते. काका कठड्याच्या आत पोचेपर्यंत दोघांनीही त्यांच्यावरची नजर काढली नाही.