चहाआधीचा घोडा

घोडा एकटाच परत आला. खोगीर रिकामं, लगाम जमिनीवर लोळतोय. मैदानावर असं धुकं की समोरचं झाड दिसेना. शालनने त्या दिवशी हौसेने मला सोबत नेलं होतं. मी तिची शाल हातात धरून उभी. मनात आलं, संपलं... आणि लगेच दुसरं आलं, आता पूजा कोण करणार? आलं ते लिहिते. तेवढ्यात शालन धुक्यातून चालत आली, चिखलाने माखलेली, डावा हात उजव्या हाताने सावरत. म्हणाली, "जाऊबाई, किती वाजले?"

शालन माझी धाकटी जाऊ. गेल्या महिन्यात गेली. घरात, अंथरुणात, न्यूमोनियाने. घोड्याने काही केलं नाही, हे नातेवाइकांना सांगून सांगून मी थकले.

आमचे नवरे नोकरीपायी कोलकात्यात आले आणि बालीगंजला आम्ही एकत्र राहिलो. शालन कोल्हापूरची, लहानपणापासून घोड्यावर बसणारी. इथे शाळेत खेळ शिकवायची. लग्नानंतर वर्षभर गप्प राहिली, मग सासूबाईंना म्हणाली, "मला पहाटे मैदानावर जायचंय, घोड्यावर बसायला." मला वाटलं, आता भांडी आपटणार. पण सासूबाई म्हणाल्या, "जा. पण या घरात पूजा धाकटी सून करते आणि पूजेआधी चहा होत नाही. ज्या दिवशी माझा चहा अडेल, त्या दिवशी घोडा बंद." झालं! तेव्हापासून सगळ्या घराचा चहा घोड्याच्या पायात अडकला. तिचा नवरा गॅलरीतून रस्ता बघत राही. "वहिनी, आली का हो ती? डोकं चढलं माझं." ती धापा टाकत यायची, अंघोळ, पूजा, मग डबे, मग शाळा. एक दिवस चुकवला नाही.

त्या दिवशी टॅक्सीत मी म्हटलं, आधी डॉक्टरकडे चल. म्हणाली, "आधी देव." देवासाठी नव्हे, घोड्यासाठी, हे मला कळत होतं. अंगावर पाणी मी घातलं. पूजा तिने एका हाताने केली. आरतीला मात्र अडलं. उजव्या हातात निरांजन, आणि घंटी धरायला डावा हात उचलेना. स्वयंपाकघरातून सासूबाईंचा आवाज आला, "घंटी का वाजत नाही?" मी पुढे झाले आणि वाजवायला लागले. सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या.

"मोडला?"

"वाटतंय तसं."

"घोड्याला लागलं का?"

"नाही."

"मग सुमन, तू नीट वाजव. आरतीच्या मागे पडतेयस." आणि स्वतः जाऊन चहा टाकला. त्यांनी चहा टाकलेला मी त्याआधी कधी पाहिला नव्हता.

घोडा बंद झाला नाही. प्लास्टर निघालं तरी घंटी माझ्याकडेच राहिली. शालन आरती करायची, मी मागे पडायचे, आणि ती हसू दाबायची.

तिचे बूट अजून दाराशी आहेत. मुलगा म्हणतो, देऊन टाक. राहू देत, कुणाच्या पायात येत नाहीत. आता निरांजन माझ्या उजव्या हातात, घंटी डाव्या. मागे पडायला आता दुसऱ्या कुणाची आरती नाही... मग चहा. सासूबाई गेल्या, तो घोडा गेला, शालन गेली. त्या सकाळची मी एकटी उरले.