कासारणीला घरी पाठवलं

थेरगावात छबूबाईला सगळे दूधवाली आक्का म्हणत. नवरा आबाजी मुलखाचा अबोल, त्यामुळे घरातलं बोलणं आणि भांडणं दोन्ही तिच्याच वाट्याला आलेली. रोज सकाळी दुधाच्या चरव्या घेऊन ती पवना ओलांडायची आणि पिंपरीच्या सिंधी निर्वासितांच्या वसाहतीत रतीब घालायची. तिकडं औषधाच्या कारखान्याचं बांधकाम चाललं होतं, त्यामुळे गिऱ्हाईक वाढत होतं. दिवस बरे चालले होते.

मग तिच्या भावाला, सयाजीला, खुनाच्या आरोपाखाली धरलं.

माहेर ताथवड्याचं. आई लवकर गेली, तेव्हा या धाकट्याला छबूबाईनंच कडेवर वाढवलेला. बांधावरून त्याचं आणि भावकीतल्या ज्योतीरामचं जुनं वाकडं. एका शनिवारी दिवेलागणीला ज्योतीराम ओढ्याकाठी कुऱ्हाडीनं मारलेला सापडला. त्याच्या चुलतभावानं सांगितलं, सयाजीला पळताना पाहिला. संपलं. गावानं तेच धरून ठेवलं.

सयाजी एकच सांगत राहिला, "मी चाकणच्या बाजारात हुतो. बैल इकाय गेल्तो. बैल उधळला आन एका कासारणीचा बांगड्यांचा हारा तुडवला. तिनं मला अंधार पडंस्तवर शिव्या घातल्या. तिला इचारा."

पण कासारणीचं नाव त्याला ठाऊक नव्हतं, गाव ठाऊक नव्हतं.

खटला पुण्याच्या सेशन कोर्टात उभा राहिला. सरकारी वकील दौलतराव म्हणजे मोठं प्रस्थ. त्यांच्या खटल्यातला आरोपी सुटत नाही, असा बोलबाला. सयाजीला सरकारनंच नेमून दिलेले वकील, उद्धवराव, कोवळे होते. बोलताना घसा खाकरायचे. शेवटच्या दिवशी दौलतराव उभे राहिले आणि हसून म्हणाले, "आरोपी म्हणतो, कासारणीला विचारा. कुठं आहे ही कासारीण? कुणी पाहिली? की आरोपीच्या स्वप्नात बांगड्या विकायला आली होती?"

कोर्टात हशा पिकला. छबूबाई मागच्या बाकावर बसली होती. त्या क्षणी तिलाही वाटून गेलं, पोरानं ही बाई रचली तर नसेल?

सयाजीला फाशी झाली. त्याला येरवड्याला फाशीवाल्यांच्या कोठडीत ठेवलं. मुंबईच्या हायकोर्टानं शिक्का मारायचा तेवढा राहिला होता.

छबूबाई रतीब घालत राहिली, पण गिऱ्हाइकांशी बोलेनाशी झाली. भेटीला गेली की सयाजी गजांमागून विचारायचा, "आक्का, कासारीण घावली का?" ती म्हणायची, "बघतेय रं." बघत मात्र नव्हती. कुठं बघणार?

अशात शेजारच्या सुभद्राबाईच्या लेकीचं लग्न निघालं. छबूबाईची इच्छा नव्हती, पण शेजारधर्म सुटतो थोडाच? चुडा भरायला बाया जमल्या, त्यांत तीही कोपऱ्यात बसली. कासारीण होती दुर्गाबाई, चाकणकडची. हात दाबताना तोंड अखंड चालू.

"जपून गं बायांनो, औंदा माल कमी हाय. पल्याड चाकणात एका मेल्याच्या बैलानं माजा अख्खा हारा तुडीवला. काय शिव्या दिल्या म्हनून सांगू मी त्याला! पार दिवं लागंस्तवर!"

छबूबाईचा हात तिच्या हातात होता. तो तिनं ओढून घेतला.

"कोन मानूस हुता?"

"ताथवड्याचा कुनीतरी. पुढं पोलीस आलं माज्याकडं, त्यो तिथं हुता का इचारलं. हुता की! मला पुन्याच्या कोर्टातबी बलावलं. दोन रोज व्हरांड्यात बसले. मग काळ्या कोटातला सायेब भाईर आला, म्हनला, बाई, तुजं काम न्हाई, जा घरी. म्हनलं, बरं झालं, सुटला वाटतं गरीब."

"सुटला न्हाई," छबूबाई म्हणाली. "फाशी झालीया. माजा भाऊ हाय त्यो."

दुर्गाबाईनं हातातल्या बांगड्या खाली ठेवल्या. "आगं आई! शिव्या दिल्या मी, पन फाशी द्या असं कुटं म्हनलं?"

त्याच पावली छबूबाईनं तिला बैलगाडीत घातलं आणि पुणं गाठलं. उद्धवरावांनी सगळं ऐकलं.

"म्हणजे ही बाई बाहेर बसली होती," ते म्हणाले, "आणि आत दौलतराव विचारत होते, कुठं आहे कासारीण!"

या खेपेला त्यांना घसा खाकरावा लागला नाही. हायकोर्टात त्यांनी अर्ज टाकला. तिथून हुकूम आला, बाईची साक्ष पुण्यात घेऊन पाठवा. दौलतराव उलटतपासणीला उठले. "आरोपीच्या बहिणीनं पढवून आणलंय ना तुला?"

"मला?" दुर्गाबाई उसळली. "अहो सायेब, त्याच्या बैलानं माजं वाटुळं केलं. त्याच्या बाजूनं बोलायची मला हौस न्हाई. पन त्यो तिथं हुता, ते हुता. आन तुमीच मला घरी धाडलंत की!"

चाकणच्या बाजारात तिच्या शेजारी बसणाऱ्या दुकानदारानंही तेच सांगितलं. हायकोर्टानं सयाजीला निर्दोष सोडलं आणि निकालात लिहिलं, की साक्षीदार दडवून वर तिच्या नावानं आरोपीची थट्टा करणं सरकारी वकिलाला शोभत नाही.

येरवड्याच्या दारात सयाजी उन्हाला डोळे मिचकावत उभा राहिला. छबूबाईला वाटलं होतं, आपण गळा काढून रडू. पण तिला हसूच फुटलं. अबोल आबाजी मात्र घळाघळा रडला.

एवढ्यावर थांबेल ती छबूबाई कसली? उद्धवरावांकडून तिनं दौलतरावांविरुद्ध सरकारात तक्रार करवली. चौकशीला मुंबईहून साहेब आले. त्यांनी विचारलं, "बाई, भाऊ सुटला ना? आता आणखी काय हवंय?"

"माजा सुटला, व्हय," ती म्हणाली. "पर ते माज्या नशिबानं, मी चुडा भराय बसले म्हनून. ज्याची बहीण बसली न्हाई, त्याचं काय? या सायबानं आजवर किती जनांना फाशीला धाडलं? त्यांच्या कासारणी कोन हुडकनार?"

साहेबांनी पेन खाली ठेवला. 

चारेक महिन्यांनी उद्धवराव स्वतः थेरगावला आले. दौलतरावांचं सरकारी काम काढून घेतलं होतं. त्यांच्यावर खटला काही झाला नाही. ते दिवाणी दावे चालवायला मोकळे होते. त्यांचे जुने खटले कुणी उघडले नाहीत. "कायदा याहून पुढं जात नाही, आक्का," उद्धवराव ओशाळून म्हणाले.

 छबूबाई म्हणाली, "म्हंजी फाशीच्या खटल्यात त्यो पुन्हा उभा ऱ्हानार न्हाई?"

"नाही."

"मग जेवून जावा."

तिनं भाकरी थापायला घेतली. सयाजी परसात आबाजीबरोबर गोठ्याचं छप्पर शाकारत होता, आणि कशावरून तरी दोघांची हुज्जत चालली होती. आबाजी चक्क मोठ्यानं बोलत होता. छबूबाईनं तवा चढवला आणि आतूनच ओरडली, "आरं, भांडा खुशाल, पन आधी जेवाय या!"