वाघमारे बाईंची यादी

हे लिहायचं मी पंधरा वर्षं टाळलं. गावात कुणी वाघमारे बाईंचं नाव काढलं की मी विषय बदलायचो, नाहीतर चष्मा पुसत बसायचो. आता सत्तरी ओलांडली आहे. बाईंबद्दल गावात जे बोललं जातं ते खोटं आहे. ज्यांना हे ठाऊक आहे त्यांतला कुणी तोंड उघडणार नाही. म्हणून मी लिहितो.

बाई आठवतात त्या मुलींची नखं तपासताना. धाराशिव जिल्ह्यात बेंबळीच्या पुढच्या एका गावात आमची शाळा होती आणि मी तिथं मुख्याध्यापक होतो. बाई तासिकेवर आलेल्या, म्हणजे कायम नव्हत्या. खेळ शिकवायच्या. गळ्यात शिट्टी, शिट्टीच्याच दोरीला नेलकटर. मैदानावर मुली हात पुढं करून रांगेत उभ्या राहायच्या. बोटाबाहेर नख दिसलं की बाई तिथंच कापायच्या. ‘तुझं नख, अन् तिचा डोळा,’ एवढंच म्हणायच्या.

नेटबॉल हा खेळ गावात कुणी पाहिला नव्हता. लोखंडी खांबाच्या टोकाला कडं, मागं फळी नाही. वेल्डिंगवाल्यानं कडं करून देताना विचारलं, बाई, ह्यात घागर ठेवायची का. बाई म्हणाल्या, ‘ठेवा की, पण लांबून फेकून.’ या खेळात चेंडू हातात आला की पळता येत नाही, तीन सेकंदांत तो दुसरीला द्यावा लागतो. मुली चेंडू छातीशी धरून पळत सुटायच्या. बाई ओरडायच्या नाहीत. जवळ जाऊन सांगायच्या, ‘हातात चेंडू हाय तवर पाय तुझा न्हाय. आदी सोड, मंग पळ.’

पहिल्याच आठवड्यात बाईंनी पालकांसाठी एक यादी लिहिली. मुलीनं खेळायला येताना काय घालावं, काय आणावं. बूट कुणाचेही चालतील, पण नाडी बांधता आली पाहिजे. मोजे हवेत. सलवार चालेल, ओढणी दप्तरात. केस मागं घट्ट, पिना नकोत. पाण्याची बाटली स्वतःची. कानात, नाकात, हातात, पायात दागिना नको. आणि एक मोठा रुमाल. यादी त्यांनी माझ्याकडं आणली. मी ती वाचली, खाली सही केली, शिक्का मारला. तिच्या झेरॉक्स घरोघर गेल्या. मूळ कागद माझ्या फायलीत राहिला.

मुली भावांचे बूट घालून यायच्या. पुढं जागा उरायची, तिथं बाई चिंध्या कोंबून द्यायच्या. त्यासाठी घरून जुन्या साडीचे तुकडे आणायच्या. एका मुलीची आजी भांडायला आली. रिकाम्या हातानं पोरगी हिंडवता व्हय, उद्या सासरचं माणूस बघंल, म्हणाली. बाईंनी तिला मैदानाच्या कडेला बसवलं. ‘आजी, बांगडी फुटून मनगटात घुसली तर सासरचं माणूस काय बघंल?’ आजी तिथून उठेना. मग बाईंनीच वाट काढली. बांगडी निघत नसेल तर त्यावरून चिंधी गुंडाळायची.

रुमाल दागिन्यांसाठी होता. प्रत्येकीनं आपले टॉप्स, चमकी, पैंजण आपल्या रुमालात बांधायचे, गाठ स्वतः मारायची. सगळ्या गाठी एका स्टीलच्या डब्यात जायच्या आणि डबा माझ्या टेबलावर यायचा. दोन वर्षांत त्या डब्यातून चमकीसुद्धा हरवली नाही. मी रोज पाहत होतो.

मनीषा दहावीत होती आणि संघाची सेंटर होती. बारीक अंगाची, बडबडी, मैदानभर फिरणारी. तिचे वडील शाळेच्या समितीवर होते. खेळ संपला की बाई मुलींना बूट काढायला लावून पायांचे फोड बघायच्या. दिवाळीच्या सुट्टीनंतर मनीषा बूट काढेना. बाईंनी बाकीच्यांना घरी पाठवलं आणि तिच्या शेजारी जमिनीवर बसल्या. मोजा रक्तानं चिकटला होता. आत जोडवी होती. घट्ट बुटात ती बोटांत रुतली होती. ‘आई म्हणली काढायची न्हाईत,’ एवढंच मनीषा आधी बोलली. बाकीचं बाईंनी हळूहळू काढून घेतलं.

बाई तशाच माझ्याकडं आल्या. त्यांच्या हाताला माती होती. ‘सर, पोरीचं लगीन झालंय. पंधरावं चालूय तिचं. संक्रांतीनंतर नांदायला धाडणारेत. ग्रामसेवकाला कळवाय पायजे, बालविवाहाची तक्रार त्येंच्याकडंच असती. शाळेनं लिहून दिलं तर थांबंल.’

मी म्हणालो, चौकशी करतो. कसली चौकशी करणार होतो? ते लग्न तिच्या मामाच्या गावी, शेतात, लहानशा मांडवात लागलं होतं. तिच्या वडलांनी मला पुढच्या रांगेत बसवलं होतं. मी अक्षता टाकल्या होत्या. जेवलो होतो. बाईंना यातलं काही बोललो नाही.

त्याच संध्याकाळी मी मनीषाच्या वडलांना बाईंचं बोलणं सांगितलं. ते घाबरून मुलीला दोन वर्षं घरीच ठेवून घेतील असं वाटलं, असं मी पुढं पुष्कळ दिवस स्वतःला सांगत आलो. खरं म्हणजे तक्रारीत माझं नाव येईल याची मला भीती होती. ते शांतपणे म्हणाले, ‘तुमी बी होताच की गुर्जी.’

तिसऱ्या दिवशी ते दहा-बारा माणसं घेऊन शाळेत आले. लग्नाबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. बाई पोरींच्या अंगावरचे दागिने उतरवतात, एकीची अंगठी सापडत नाही, असं त्यांचं म्हणणं. बाईंनी डबा आणून टेबलावर ठेवला. आवाज चढवला नाही. दागिने काढायचं यादीत लिहिलं आहे, यादी घरोघर गेली आहे आणि तिच्यावर सरांची सही आहे, असं सांगून त्यांनी माझ्याकडं पाहिलं.

मी म्हणालो, ‘अशी यादी मला दाखवलेली नाही.’

ज्यांच्या घरात ती यादी होती ते सगळे समोरच उभे होते. कुणी घरून ती आणून दाखवली नाही. दुपारी मी फाईल उघडली आणि मूळ कागद फाडून टाकला.

बाईंचे तास बंद झाले. त्यांनी स्वतः जाऊन लग्नाची तक्रार केली. चौकशीला माणूस आला, तेव्हा काढून टाकलेल्या बाईचा राग आहे, दुसरं काही नाही, असं गावानं सांगितलं. मीही तेच सांगितलं. संक्रांत झाल्यावर मनीषा सासरी गेली. पुढच्या वर्षी पहिल्या बाळंतपणात ती गेली. बाळही गेलं. बाई मातीला आल्या होत्या. बायकांच्या मागं उभ्या होत्या. कुणीतरी त्यांना ऐकू जाईल असं म्हणालं, अंगठीवाली आली. त्या हलल्या नाहीत.

गेल्या वर्षी धाराशिवला सरकारी दवाखान्यात त्या मला भेटल्या. मी बीपीच्या गोळ्यांच्या रांगेत होतो. त्या इतक्या वाळल्या होत्या की त्यांनी हाक मारली म्हणून ओळखलं. आम्ही बाकावर बसलो. त्यांनी माझ्या गुडघ्यांची चौकशी केली. मी यादीचा विषय काढायला तोंड उघडलं, तर त्यांनीच हात वर केला.

‘यादीचं सोडा सर. माणूस भितं, भिऊन बोलतं. मला एकच विचारायचं होतं. मनीच्या लग्नाला तुमी होता का?’

‘न्हाई बाई,’ मी म्हणालो.

‘लोक म्हणायचे. मला कधी खरं वाटलं न्हाई,’ त्या म्हणाल्या, आणि त्यांचा नंबर आला म्हणून उठल्या.

चार महिन्यांनी त्या गेल्याचं कळलं. मी त्यांच्या भावाच्या घरी गेलो. काय बोलायचं ते मी एसटीत बसून ठरवलं होतं, शब्द न् शब्द. बाई, सही माझी होती. लग्नाला मी होतो. माझ्या भीतीपायी पोरगी गेली आणि तुमच्या नावाला डाग लागला. बाईंना सांगायचं राहून गेलं ते निदान भावाला तरी सांगायचं होतं. भावानं नाव विचारलं, मी सांगितलं. त्यानं खुर्ची दिली. ‘ताई तुमच्याबद्दल बोलायची,’ तो म्हणाला. ‘म्हणायची, सर भित्रे हायेत, पर लेकराच्या लग्नात जेवणारा माणूस न्हाई.’

त्यानं पाणी आणलं. मी ते पिऊन टाकलं आणि गाडीची वेळ झाली म्हणालो.